कंपनीत बाहेरचा माणूस घ्यावा का, आणि घेतला तर कुठे बसवावा?

मरोळचा गाळेवाला:
मरोळ एमआयडीसीतील दोन गाळ्यांत आमची प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी 24 वर्षे चालू आहे. संचालक आम्ही दोघे भाऊ. तीन वर्षे विक्री जागची हललेली नाही, आणि कारण विचारले की घरातले सगळे एकच पाढा म्हणतात: प्लास्टिकच्या दाण्याचे भाव, चिनी माल, न टिकणारे कामगार. आमच्या सीएंनी सुचवले आहे की एखादा अनुभवी बाहेरचा माणूस संचालक मंडळावर घ्यावा. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ साबण-तेलाच्या एका मोठ्या कंपनीतून वितरण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले असून महिन्यातून एक दिवस द्यायला तयार आहेत. मोल्डिंगमधले आपल्याला काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, ज्याला स्प्रू कशाला म्हणतात आणि रनर कशाला (वितळलेले प्लास्टिक साच्यात नेणाऱ्या वाटांत थिजून उरणारे तुकडे) हे ठाऊक नाही, त्याच्यापुढे आपण ताळेबंद का उघडावा? मला उलट वाटते, पण ते भावाला पटेल अशा शब्दांत मांडता येत नाही.

कंपनी सेक्रेटरी, ठाणे:
कायद्याची बाजू थोडक्यात आटोपते. 2013च्या कंपनी कायद्यातील कलम 149प्रमाणे सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत किमान एक-तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेले, असावे लागतात, आणि सूचीबद्ध नसलेल्या पब्लिक कंपनीचे भरणा झालेले भांडवल 10 कोटी किंवा उलाढाल 100 कोटी रुपयांवर पोचली की तिलाही असे दोन संचालक घ्यावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेडला ही सक्ती नाही. त्यामुळे या गृहस्थांना लगेच संचालक करून त्यांच्या गळ्यात कायदेशीर जबाबदारी अडकवण्यापेक्षा, गोपनीयतेचा करार करून वर्षभर सल्लागार म्हणून बोलवावे.

खरा प्रश्न मात्र कलमांचा नाही. 16 डिसेंबर 2008 रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या घेण्याचा ठराव मंजूर केला, तेव्हा त्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते आणि माजी कॅबिनेट सचिवही होते. तो बेत काही तासांत गुंडाळावा लागला तो गुंतवणूकदार खवळले म्हणून, आणि 7 जानेवारी 2009 रोजी सत्यमचे प्रवर्तक रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. बाहेरची माणसे त्या टेबलाभोवती बसलेलीच होती. म्हणून मी अशा माणसाची पदवी नंतर पाहतो. आधी पाहतो ते हे की, आपल्या मानधनावाचून त्याचे काही अडते का, आणि ‘मला हे समजले नाही, पुन्हा सांगा’ असे चारचौघांत म्हणायला तो लाजतो का. आपल्या गृहस्थांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच दिलेले दिसते.

लोहार चाळ:
आमचा वायर आणि स्विचगिअरचा घाऊक व्यापार आहे. दुकान लोहार चाळीत, गोदाम भिवंडीला. मुंबईतल्या गिऱ्हाइकाला आमच्याकडून माल फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी मिळायचा. बुधवारी कोणी तातडीने पन्नास एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारे स्विच) मागितले, तर ‘शुक्रवारी गाडी आहे’ हे उत्तर आमच्या सगळ्यांच्या जिभेवर असे, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. माझी भावजय पूर्वी एका हॉस्पिटलच्या औषधभांडारात काम करत होती. ती 2022मध्ये दुकानात बसू लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारले की हेच दोन वार का. कोणालाच सांगता येईना. शेवटी आमच्या म्हाताऱ्या मेहताजींना आठवले की, जकात भरायला ते याच दोन दिवशी मुलुंड नाक्यावर उभे राहत असत. जीएसटी आला आणि 1 जुलै 2017पासून मुंबईची जकात गेली, नाक्यावरची रांग गेली, मेहताजी दुकानातच बसू लागले. आमचे दोन वार मात्र पुढे पाच वर्षे तसेच चालू राहिले.

भावजयीला वायरीचा गेजसुद्धा तेव्हा ठाऊक नव्हता. ठाऊक असता आणि दहा वर्षे ती आमच्यातच वावरली असती, तर तीही ‘शुक्रवारी गाडी आहे’ असेच म्हणाली असती. एरवी ही बाहेरची नजर कधी कधी घरातल्या माणसालाही मुद्दाम आणता येते. 1985मध्ये इंटेलचा मेमरी चिपचा धंदा जपानी कंपन्यांपुढे ढासळत असताना कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्याधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले होते की, आपल्याला काढून नवा माणूस नेमला तर तो काय करील. तो मेमरी सोडून देईल, हे उत्तर दोघांना आधीपासून दिसत होते, आणि मग त्यांनी तेच केले. पण अशी माणसे थोडी. आमच्यासारख्यांनी भावजयीवर विसंबावे हे बरे.

जुना शॉप फ्लोअर मॅनेजर:
वरचे सगळे मान्य, पण भावाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी ज्या कारखान्यात होतो तिथे मालकांनी एक सल्लागार आणले. रात्रभर चालणारा ड्रायर पाहून त्यांनी विचारले की ही वीज कशासाठी. प्रश्न रास्त होता. उत्तर असे की, नायलॉनचा दाणा हवेतली ओल ओढून घेतो आणि मोल्डिंगपूर्वी त्याला काही तास साधारण 80 अंशांवर वाळवावे लागते. परंतु उत्तर ऐकण्याआधीच ड्रायर रात्री बंद ठेवण्याचे परिपत्रक निघाले. आठवड्याभरात क्लिपांवर चंदेरी रेघा आल्या, त्या हातात मोडू लागल्या, आणि अख्खा लॉट परत आला.

अमेरिकेत जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीने 2011मध्ये ॲपलची दुकाने उभारणाऱ्या रॉन जॉन्सन यांना सर्वोच्च पदावर आणले. त्यांनी कूपन आणि सेल हे गिऱ्हाइकांच्या सवयीचे प्रकार जवळजवळ बंद केले, 2012मध्ये विक्री सुमारे एक-चतुर्थांशाने घसरली आणि एप्रिल 2013मध्ये त्यांना जावे लागले. तेव्हा करारात एक ओळ घालून घ्या की, हे गृहस्थ कोणालाही काहीही विचारू शकतील, मात्र हुकूम भाऊच देतील. दुसरे म्हणजे त्यांना ऑफिसात चहा-बिस्किटांवर बसवू नका. सकाळी सातच्या पाळीला मशीनपाशी उभे करा.

मरोळचा गाळेवाला:
महिनाभराने लिहीत आहे. शेवटच्या उत्तरातल्या अटीवर भाऊ राजी झाला. परवा शनिवारी ते सात वाजता आले, दोन तास काही बोलले नाहीत, आणि मग तीन नंबरच्या मशीनखालच्या घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा कचरा कोणाचा? भावाने जरा चढ्या आवाजातच सांगितले की तो कचरा नव्हे, स्प्रू आणि रनर आहेत, दळून पुन्हा वापरतो. त्यांनी विचारले, सगळ्याच मालात? भाऊ म्हणाला, औषध कंपनीच्या झाकणांत नाही, त्यांना नवाच दाणा लागतो. मग त्या झाकणांचा दर काढताना हे घमेले कोणाच्या खात्यावर धरता, असे त्यांनी विचारले.

आम्ही तो दर नुसत्या झाकणांच्या वजनावर काढत आलो आहोत. भाऊ काही न बोलता एक पूर्ण शॉट, म्हणजे साच्यातून एका वेळी निघणारा सगळा माल, घेऊन काट्यापाशी गेला. झाकणे 32 ग्रॅम भरली, स्प्रू-रनर 9 ग्रॅम. सोमवारी तो स्वतःच त्या कंपनीच्या जुन्या कोटेशनांची फाइल घेऊन बसला होता, आणि पुढच्या महिन्यात ते कधी येणार हे मला त्यानेच विचारले.