परराष्ट्र धोरण आणि स्थलांतर : सांधा नेमका कुठे?

वाटसरू
मध्य अमेरिकेतले लोक अमेरिकेच्या सीमेवर का येतात, हा वाद निघाला की एक बाजू १९५४ चा ग्वातेमालातला सत्तापालट काढते. दुसरी विचारते, त्याला सत्तर वर्षं झाली, आजचा माणूस त्यापायी घर का सोडेल? परराष्ट्र धोरणाला मूळ कारण म्हणायचं, तर मधल्या कड्या कशा दाखवायच्या?

नकाशेवाला
तारीख सोडा, काय मोडलं ते शोधा. ग्वातेमालात १९५२ च्या कायद्याने मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना मिळू लागली होती. युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी-कंपनीला तिच्या जमिनीची भरपाई देऊ केली ती तिनेच करासाठी दाखवलेल्या कमी किमतीने, आणि कंपनी बिथरली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या मदतीने राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ यांना हटवलं, नव्या सरकारने वाटप उलटवलं. जमिनीचा प्रश्न मतपेटीतून सुटायची वाट तिथे बंद झाली. १९६० ते १९९६ यादवी, सुमारे २ लाख मृत वा बेपत्ता. सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींत ८३ टक्के तिथले मूळनिवासी माया लोक. नुसतं '१९५४' म्हणाल तर समोरचा हसणारच.

कडीकोयंडा
एल साल्वादोरमध्ये हे जास्त उघड दिसतं. १९८०–९२ च्या यादवीत सुमारे ७५ हजार मेले. सरकारला पैसा आणि शस्त्रं अमेरिकेची. मित्रसरकारपासून पळालेल्यांना निर्वासित मानणं वॉशिंग्टनला अडचणीचं, म्हणून १९८४ मध्ये तिथल्या लोकांचे ३ टक्क्यांहून कमी आश्रय-अर्ज मंजूर झाले. कित्येक जण लॉस एंजेलिसमध्ये कागदपत्रांविना राहिले. एमएस-१३ ही टोळी तिथलीच. १९९० च्या दशकात, विशेषतः अमेरिकेच्या १९९६ च्या स्थलांतर कायद्यानंतर, हद्दपारी वाढली आणि नुकत्याच युद्धातून उठलेल्या, दुबळे पोलीस असलेल्या देशात टोळीवाले उतरले. पुढे त्यांच्या खंडणीला भिऊन जे निघाले ते पुन्हा उत्तरेकडेच, कारण मामा-मावशी तिथे आधीच होत्या. (पळायला लावणारं आणि वाट आखून देणारं धोरण एकाच घरचं!)

उलटतपासणी
पण हीच किल्ली सगळीकडे लावू नका. व्हेनेझुएलातून ७० लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. क्रम पाहा : वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण जुनंच, तेलाचे भाव २०१४ मध्ये कोसळले, अमेरिकेचे आर्थिक निर्बंध ऑगस्ट २०१७ चे, सरकारी तेलकंपनीवरचे जानेवारी २०१९ चे. निर्बंधांनी आधी कर्जाची फेरमांडणी आणि मग तेलविक्री अडवली; अर्थव्यवस्थेची घसरण खोल केली, सुरू नाही केली.

वाटसरू
मग मदतीचा पैसा ओतला तर लोक थांबतील?

नकाशेवाला
लगेच नाही. अगदी गरीब घराला प्रवासखर्चच झेपत नाही. उत्पन्न थोडं वाढलं की आधी निघणारेच वाढतात. आणि पैसा कशावर जातो तेही बघा. दर महिन्याला खंडणी भरणाऱ्या दुकानदाराला नवा रस्ता दिलात, तर तो जायला सोपं झालं म्हणेल. त्याला तक्रार घेणारा पोलीस आणि खटला चालवणारं न्यायालय हवंय.