टाकून दिलेल्या चित्रांवर नवं चित्र काढावं का?

अमळनेरचा कलाशिक्षक:
चित्रकला महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत जुन्या विद्यार्थ्यांचे कॅनव्हास वाळवी खाते आणि एक दिवस सगळं भंगारात जातं. त्यापेक्षा ते नव्या मुलांना द्या. त्यावर रंगवू द्या, कापून जोडू द्या. डेन्मार्कचा चित्रकार आस्गर योर्ननं पॅरिसच्या जुन्या बाजारातली अनामिकांची चित्रं विकत घेतली, त्यांवर आपले रंग चढवले आणि १९५९मध्ये प्रदर्शन मांडलं. व्हॅन गॉगही पैशांअभावी जुने कॅनव्हास वापरायचा. त्याच्या एका हिरवळीच्या चित्राखाली दडलेला बाईचा चेहरा २००८मध्ये क्ष-किरणांनी दिसला. आपल्या शेतकऱ्याच्या पोराला नवा कॅनव्हास परवडत नाही हो!

धुळ्याची चित्रकार:
सर, व्हॅन गॉगनं स्वतःचं चित्र झाकलं, दुसऱ्याचं नाही. चित्र विकलं तरी त्याची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७नं चित्रकाराला दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगलांचं भित्तिशिल्प १९७९मध्ये उतरवताना मोडलं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारला त्याचे अवशेष परत द्यायला लावले, वर पाच लाख भरपाई. सेहगल नामवंत होते. आपल्या जिल्ह्यातल्या पोरीनं रात्री जागून केलेल्या चित्राला तेवढाही मान नाही?

भुसावळकर:
ताई, अजिंठ्याचं दहावं लेणं बघा. सातवाहनकाळातल्या चित्रांवर पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी बुद्ध रंगवले. कुणाला विचारलं होतं?

धुळ्याची चित्रकार:
भाऊ, तिथं खालचा थर शिल्लक आहे, म्हणून तर तो आज आपल्याला दिसतो. सर कात्री चालवायचं म्हणताहेत. कापलेलं परत कुठून आणणार?

चोपड्याचा रंगारी:
आधी कामाचं सांगतो. तेलरंगावर थेट अ‍ॅक्रिलिक मारू नका, पापुद्रे सुटतात. घासून तेलरंगच चढवा. आणि भंगारवाल्याकडं गेलेल्या कॅनव्हासची ताडपत्री होते, हे मी डोळ्यांनी बघतो. त्यापेक्षा पोरांच्या हाती गेलेला बरा. मी सरांच्या बाजूनं.

अमळनेरचा कलाशिक्षक:
कात्री लावण्याआधी प्रत्येक चित्राचा फोटो ठेवू. नव्या चित्रामागं मूळ चित्रकाराचं नाव आणि साल लिहू. त्याला कळवून तीन महिने वाट पाहू. न्यायला आला नाही, तर चित्र मुलांचं.

धुळ्याची चित्रकार:
फोटो, नाव मान्य. पण उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला, हे मला मान्य नाही. कित्येकांचे पत्ते बदललेत, मुलींची तर आडनावंही. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या आणि पुढच्या तुकडीपासून सुरू करा. आधीच्या चित्रांना हात लावू नका.