तलंगा अंड्यावर कधी येतील?

तलंगा, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या तरुण कोंबड्या, येऊन आठवडा झाला तरी एकही अंडं नाही, म्हणून तुम्ही खाद्य बदलायचं म्हणताय. कृपा करून आत्ता बदलू नका. प्रवास, नवी जागा, अनोळखी आवाज, या सगळ्याचा कोंबड्यांना खूप ताण येतो आणि काही दिवस अंडी थांबणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय तलंग साधारण १८ ते २२ आठवड्यांची झाल्याशिवाय अंड्यावर येतच नाही, तेव्हा आणताना वय काय सांगितलं होतं ते आधी बघा.

तुऱ्यावर लक्ष ठेवा. फिकट, आखूड तुरा भरून लालभडक झाला आणि पाठीवर हात ठेवताच कोंबडी पंख किंचित पसरून खाली दबली, की अंडं जवळ आलं समजा. हे बघताना मला अजूनही फार आनंद होतो!

सुरुवातीचे दिवस खुराड्यातच ठेवल्यात ना? नसतील तर अजूनही आठवडाभर ठेवा, म्हणजे संध्याकाळी आपणहून आत यायला लागतील. पाणी कधीच संपू देऊ नका. अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. पहिलं अंडं दिसलं की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः टिपतात.