ओटी कॉम्पॅक्ट: नदी ओलांडली की लायसन्स बुडतं?

पोटोमॅककाठची:
आपण ओटी, म्हणजे रोजची कामं आपली आपण करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ओटी कॉम्पॅक्ट म्हणजे आपल्या राज्याच्या लायसन्सवर करारातल्या दुसऱ्या राज्यातही काम करू देणारा अमेरिकेतल्या राज्यांचा करार. त्यावर परवा इथे एका बाईंनी लिहिलं, "कॉम्पॅक्ट म्हणजे एजन्सीवाल्यांची चांदी आणि आपल्या पगाराला कात्री. ज्याला दुसऱ्या राज्यात काम करायचंय त्याने गुमान तिथलं लायसन्स काढावं." तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी नॉर्दर्न व्हर्जिनियात, घरी जाऊन लहान मुलांची थेरपी करते. 2023 मध्ये एक मुलगा शर्टाची बटणं लावायला शिकत होता. खालची चार जमली, गळ्याजवळचं राहिलं. भाडं वाढलं म्हणून ते कुटुंब पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडात गेलं. गाडीने वीस मिनिटं. पण पेशंट जिथे, तिथलंच लायसन्स लागतं, व्हिडिओवरसुद्धा. कॉम्पॅक्टचा कायदा दोन्ही राज्यांनी 2021 मध्येच केलेला, तोही तेव्हा नुसता कागदावर! एनबीसीओटीची, म्हणजे देशभरच्या ओटींची, परीक्षा आपण सगळ्यांनी एकच दिली ना? की नदीपलीकडे बोटांना सांधे जास्त असतात?

खडूस_ओटी:
त्या बाईंचं काय चुकलं? आधी हे समजून घ्या की कॉम्पॅक्टमधलं ते लायसन्स नाही, 'प्रिव्हिलेज' आहे, म्हणजे त्या राज्यात काम करायची नुसती परवानगी. नर्सेसचं एकच लायसन्स त्यांच्या कॉम्पॅक्टमधल्या सगळ्या राज्यांत चालतं. आपण मात्र प्रत्येक राज्याची फी वेगळी भरायची, वर एफबीआयला बोटांचे ठसे. मी कॅलिफोर्नियात, ते यात नाहीच, म्हणजे माझ्या हाती तसाही भोपळा. फायदा कोणाचा, तर टेलीथेरपी कंपन्यांचा. स्वस्त राज्यातला ओटी बसवायचा आणि महाग राज्यातलं बिल फाडायचं. मुळात स्क्रीनवरून ओटी ही थट्टाच आहे.

केईएमवाली:
थट्टा? माझ्या आईला ठाण्यात स्ट्रोक झाला. डावा हात गेला. मी ओहायोत. भावाला म्हटलं, फोन मोरीत ने. बघते तर बादली डावीकडे, नळ डावीकडे, बसायला पाट. पाट काढून प्लास्टिकची खुर्ची ठेवायला लावली, बादली उजवीकडे घेतली, तांब्याच्या जागी कानाचा मग. आठवड्याभरात आई आपली आपण आंघोळ करायला लागली. क्लिनिकमध्ये कोणाला दिसली असती ती मोरी?

खडूस_ओटी:
म्हणजे ताईंनी लायसन्सशिवाय महाराष्ट्रात प्रॅक्टिस केली. कौन्सिलला कळवू का?

केईएमवाली:
कळवा! आईला खुर्चीवर बस सांगायला रजिस्ट्रेशन लागतं, हे आज कळलं. मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये केईएमला ओटीची शाळा काढली, तेव्हा तुमच्यासारखा कोणी दारात बसला नव्हता हे नशीब.

गुडघेदुखी:
पीटी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहे, मध्ये तोंड घालतो. आम्हाला आमच्या कॉम्पॅक्टची प्रिव्हिलेज 2018 पासून मिळताहेत. आभाळ कोसळलं नाही.

केईएमवाली:
तुम्ही नकाच बोलू. तुमच्यामुळे वीस वर्षं प्रत्येक लग्नात कोणीतरी काका मला "अगं, तू फिजिओ ना?" म्हणून गुडघा दाखवतात.

गुडघेदुखी:
आणि मला लोक मालीशवाला समजतात. बसा रडत.

पोटोमॅककाठची:
अहो, मोरी आणि गुडघे झाले असतील तर धाग्यावर या. दुसरं पूर्ण लायसन्स काढा म्हणणाऱ्यांनी त्याचा खर्च सांगावा. दोन फिया, दोन रिन्यूअल, सीईयूचे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या शिक्षणाचे, नियम दोन्हीकडे वेगळे. आणि एवढं कोणासाठी, तर एका मुलासाठी! माझी एजन्सी म्हणाली, केस बंद कर.

खडूस_ओटी:
बरं, मोरीचं मान्य. पण पेशंटचं रक्षण कोण करणार? माझ्या जुन्या नोकरीत एकजण न दिलेल्या सेशन्सची बिलं लावताना सापडला. वर्षाच्या आत शेजारच्या राज्यात कामाला!

पोटोमॅककाठची:
मग तुम्ही कॉम्पॅक्टच्याच बाजूने बोलताय. त्यात कारवाईची माहिती सगळ्या राज्यांना एकाच ठिकाणी दिसते आणि होम स्टेटने, म्हणजे मूळ लायसन्सच्या राज्याने, लायसन्सवर बंधन घातलं की बाकीच्या राज्यांतली प्रिव्हिलेजही जातात. मसुदा वाचलात का?

खडूस_ओटी:
चाळला होता. हा एक मुद्दा तुमचा, घ्या, ताटात घालून देतो. पगाराचं मात्र मी म्हणतो तेच होणार.

त्या पोराचं वरचं बटण लागलं का?

पोटोमॅककाठची:
नाही. तिकडच्या वेटिंग लिस्टवर पाच महिने गेले. आई म्हणाली, आता टी-शर्टच घालतो.