वेग मान्य, पण वजनाचं काय?
डीएनए-संगणकात (म्हणजे डीएनएच्या रेणूंकडून गणित करून घेण्यात) एका थेंबात अब्जावधी रेणू एकाच वेळी गणित सोडवतात, म्हणून सिलिकॉन चिपवर चालणाऱ्या नेहमीच्या संगणकांचे दिवस भरले, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटला. संगणकशास्त्रज्ञ लेनर्ड ॲडलमनने १९९४ मध्ये ७ शहरांतून, प्रत्येकात एकदाच जाणारा मार्ग असाच शोधला. प्रत्येक शहराला २० अक्षरांचा (ए, टी, जी, सी हे डीएनएचे घटक म्हणजे त्याची अक्षरं) डीएनएचा तुकडा. तुकडे आपोआप जुळून मार्ग झटपट तयार झाले, पण त्यातून बरोबर उत्तर गाळून काढण्यात प्रयोगशाळेतले ७ दिवस गेले! कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर तासाभराचंही काम नाही.

त्याहून मोठी अडचण वजनाची. शहरं वाढली की लागणारे रेणू पटीपटीने वाढतात. संगणकशास्त्रज्ञ युरिस हार्टमनिसने हिशेबच मांडला होता: याच रीतीने २०० शहरं घेतलीत तर डीएनए पृथ्वीपेक्षा जड भरेल. एवढी परीक्षानळी आणायची कुठून?