मदत हवी आहे: १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतली घरं जुळवताना

इंग्लंडच्या सफोक काउंटीतल्या (जिल्ह्यासारखा विभाग) एका खेड्याची घरं १८४१ ते १८५१ जुळवतेय. १८४१ मध्ये पंधरावरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली (३४ चे ३०), कुटुंबप्रमुखाशी नातं नाही, जन्मस्थळ फक्त ‘याच काउंटीत’ की नाही, किंवा स्कॉटलंड, आयर्लंड, परदेश एवढंच. नावांच्या यादीत एक तिरकी रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन म्हणजे घर संपलं. नकलून काढलेल्या उताऱ्यांत त्या रेघा गळतात, म्हणून मूळ पानंच पाहतेय.

खरी अडचण घरक्रमांकांची, ते नाहीतच. टाइथ (चर्चला द्यायचा दशांश कर) आकारणीच्या नकाशावर शेतकऱ्यांची घरं सापडतात, पण मजुरांच्या झोपड्या ‘अमुक व इतर’ अशा एकत्र नोंदलेल्या. १८५१ च्या वहीच्या सुरुवातीचं विभागवर्णन आणि ठाऊक शेतघरं धरून गणकाचा मार्ग आखला, तर मधल्या झोपड्यांचा क्रम कितपत भरवशाचा? पॅरिशच्या (चर्चभोवतीचा स्थानिक विभाग) करनोंदवह्यांशी ताडून कुणी पाहिलंय का?