रिकाम्या खाटांचा एकच डॅशबोर्ड हवा की नको?

माणदेशी: गेल्या पावसाळ्यात भाचीचं बाळ सातव्याच महिन्यात जन्मलं. वजन १३०० ग्रॅम. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, "पुढं न्या." पुढं म्हणजे कुठं? १०८ च्या गाडीतून मी चार दवाखान्यांना फोन लावले. दोघे म्हणाले फुल, एकानं उचललाच नाही, चौथा म्हणाला, "घेऊन या, बघू." पोचलो तर वॉर्मर होता, व्हेंटिलेटर नव्हता. बाळ वाचलं, आता गुटगुटीत आहे. पण सरकारी, ट्रस्टच्या, खाजगी अशा सगळ्या एनआयसीयूंची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षांची, स्थिती एका पडद्यावर का दिसू नये? कोविडात जमलं होतं की.

रात्रपाळी: असहमत. मी आयसीयूत सिस्टर आहे. एप्रिल २०२१ मधली एक रात्र सांगते. डॅशबोर्डवर आमचे दोन बेड रिकामे. एकावरचा पेशंट तासाभरापूर्वी गेलेला, बॉडी अजून तिथंच. दुसऱ्याचा ऑक्सिजन पॉइंट गळत होता. दारात माणसं मोबाइल नाचवत होती, "इथं दोन लिहिलंय!" अहो, बेड म्हणजे खाट नव्हे. आणि ते आकडे भरायचे कुणी? मीच. सलाईन लावू की एंट्री करू?

पोफळी: दोघांचंही अर्धं बरोबर. मी शिक्षिका, कोविडात मुंबईत बेड वाटणाऱ्या वॉर रूमला ड्यूटी लागली होती. जून २०२० मध्ये महापालिकेनं १९१६ या एकाच हेल्पलाइन नंबरवरचा भार २४ वॉर्डांत वाटला. डॅशबोर्ड होताच, पण बेड पेशंटनं शोधायचा नव्हता, आम्ही द्यायचा होता. पडद्यावर रिकामा दिसला तरी आधी फोन करून खात्री करायची. आकडे लोकांसमोर उघडे टाकले की रात्रपाळींच्या दारात होतं तेच होतं.

माणदेशी: मग १०८ च्या कंट्रोल रूमलाच दाखवा, आमचं काही म्हणणं नाही. पण खाजगीवाले खरं भरतील?

वीस_खाटा: नाही भरणार. मी त्यातलाच, म्हणून सांगतो. रिकामा दाखवला की गंभीर पेशंट येतो, नाही म्हणता येत नाही, बिलाचा वाद माझ्या डोक्यावर. शिवाय माझ्याकडे व्हेंटिलेटर तीन आणि ते सांभाळणारा डॉक्टर एक, तोही अजून दोन ठिकाणी जातो. तो आत्ता कुठल्या सिग्नलला अडकलाय हे दाखवणारा डॅशबोर्ड असेल तर सांगा!

पोफळी: अवयवदानात कसं चालतं मग? झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव कुणाला द्यायचा ते जुळवणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत सरकारी-खाजगी सगळेच आहेत. हृदय काढल्यावर हातात जेमतेम चार तास असतात, तरी रात्रीतून जुळवतात. कारण १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखालची नोंदणी आहे, आणि फोनवर नावानिशी जबाबदार कोऑर्डिनेटर आहे.

वीस_खाटा: त्या केसेस मोजक्या असतात हो. इथं रोजचा लोंढा आहे. प्रत्येक जिल्ह्याला चोवीस तास तसा माणूस द्या, मी पहिला आकडा भरतो. नुसता पडदा देणार असाल तर राहू द्या.

रात्रपाळी: मला रिकाम्या बेडपेक्षा येणारा पेशंट आधी कळलेला जास्त चालेल. वजन, सॅच्युरेशन, कुठलं औषध किती वाजता दिलं. माणदेशी, तुमच्या चिठ्ठीवर काय होतं?

माणदेशी: ठेवलीय अजून. बाळाच्या आईचं नाव, तारीख आणि एक ओळ : "रेफर टू हायर सेंटर." वजनसुद्धा नाही. तेराशे हा आकडा मी तोंडीच सांगत फिरलो.